वाडग्यातलं आकाश

भाऊबीजेच्या सकाळी नंदकुमार घाटकोपरला बहिणीकडे, माणिककडे निघाला, तेव्हा शुभाने कपाटाच्या आरशासमोरूनच बायकोचं फर्मान काढलं. "वन्संनी वाडगा परत दिला तरच ओवाळून घ्या. नाही दिला तर तसेच घरी या."

पण वाडगा माणिककडे नव्हताच. तो त्यांच्याच मुलुंडच्या बिल्डिंगच्या गच्चीवर, टीव्हीच्या अँटेनांमागे, गोणपाटाखाली पालथा पडला होता. आणि तो तिथे नेऊन ठेवणारा चोर आता इस्त्रीचा शर्ट घालून, तोंडात मारल्यासारखा उभा होता.

हॅलेचा धूमकेतू येणार म्हणून त्या वर्षी सगळेच वर बघायला लागले होते. नंदकुमारचं नुसतं बघून भागेना. त्याला अख्खं आकाश, चारी बाजूंच्या क्षितिजांसकट, एकाच फोटोत हवं होतं. तशी भिंगं परदेशात मिळत, आणि त्यांची किंमत ऐकली की माणूस आपोआप खाली बघायला लागे. खगोल मंडळातला अंबादास म्हणाला, "भिंग कशाला पाहिजे रे? फुगीर आरसा शोध. तो जमिनीवर ठेव, वर स्टँडला कॅमेरा उलटा टांग. आरशात आकाश, कॅमेऱ्यात आरसा. झकास!"

त्या फुगीर आरशासाठी नंदकुमारने घर पालथं घातलं. आमटीच्या पळीत आकाश मावेना. टॅक्सीच्या चाकाची चकचकीत टोपी त्याला पसंत पडली होती, पण तिच्या मधोमध कंपनीचं नाव होतं. आकाशात कुणाचं नाव नको, म्हणून त्याने ती बाणेदारपणे नाकारली. मग एकदा शुभाने श्रीखंडाचा मोठा, गोल बुडाचा स्टीलचा वाडगा घासून ओट्यावर पालथा घातला. त्यात नंदकुमारला दिवा, पंखा, चारी भिंती आणि स्वतःचं लिंबाएवढं डोकं एकदमच दिसलं. संध्याकाळी वाडगा गच्चीवर गेला.

काम झालं की गुपचूप परत ठेवू, असा त्याचा बेत होता. पण त्याआधीच शुभाला वाडगा हवा झाला. "माझ्या आईने लग्नात दिलेला!" म्हणत तिने सगळी फडताळं उपसली. मग तिला आठवलं, की गणपतीत माणिक डबाभर मोदक घेऊन गेली होती, त्याबरोबर वाडगाही गेला असणार. तिने माणिकला तोंडावर विचारलं. "मी काय भांडी चोरते?" म्हणत माणिक रडत निघून गेली, ती परत आलीच नाही. भावाबहिणीची लग्नं एकाच मांडवात लागल्यापासून या नणंद-भावजयीचं चांगलं मेतकूट होतं. ते एका वाडग्यापायी फिसकटलं.

नंदकुमारला स्वतःची लाज वाटे. पाठच्या बहिणीवर आळ आला आणि आपण मूग गिळून बसलो, हे त्याला खात होतं. आज सांगूच, असं तो रोज ठरवायचा. पण रोज संध्याकाळी आकाश नेमकं मोकळं असायचं.

आणि आता तर सांगणं आणखीच अवघड झालं होतं. रोलमधला एकच फोटो धड आला होता, पण त्यात उत्तरेच्या क्षितिजालगत ठिपक्यांची एक माळ चमकत होती. तसे तारे कुठल्याच नकाशात नव्हते. नव्या धूमकेतूला शोधणाऱ्याचं नाव देतात, हे नंदकुमारला पाठ होतं. या नव्या ताऱ्यांनाही आपलंच नाव लागणार, असं त्याने मनोमन ठरवूनही टाकलं होतं.

"शुभा, निघण्याआधी हे बघ तरी," म्हणत त्याने तिच्या मागे उभं राहून फोटो छातीशी धरला. शुभाने न वळता आरशातूनच पाहिलं. कुंकू लावणारं बोट थांबलं.

"काय लिहिलंय हे?"

"लिहिलेलं नाही गं. तारे आहेत ते."

"तारे 'चि.' कशाला लिहितील?"

नंदकुमारने आरशात पाहिलं. ठिपक्यांची अक्षरं झाली होती. आरशात आकाशाचं डावं-उजवं उलटं दिसतं, म्हणून ते सुलटं करायला त्याने स्टुडिओवाल्याकडून फोटो मुद्दाम उलटा छापून घेतला होता. आकाश सुलटं झालं, आणि वाडग्यावरची अक्षरं उलटी. भांड्यांच्या दुकानात ठिपक्याठिपक्यांनी नाव घालून देतात, तीच ही अक्षरं, जिन्याच्या दिव्यात चमकलेली. घरातल्या प्रत्येक भांड्यावर नाव असतं, म्हणून ते कुणी वाचत नाही.

"वाडगा!" शुभा गर्रकन वळली. "माझ्या आईचा वाडगा! आणि मी तिकडे वन्संना नाही नाही ते बोलले!"

"शुभा, चुकलं माझं. आज माणिकला सगळं सांगतो."

"आधी इकडे बघा. मोठ्याने वाचते, ऐका. आईचं नाव आहे त्यावर." तिने खांदे धरून त्याला पुन्हा आरशासमोर उभं केलं आणि ठिपक्यांवरून बोट फिरवत वाचू लागली. "चि. सौ. कां. ... माणिक हिस ... मामांकडून."

एका मांडवातला दोन्ही लग्नांचा आहेर एकाच कोपऱ्यात रचला होता, ते दोघांनाही एकदमच आठवलं. शुभाने कुंकू पुरं केलं, फ्रीजमधलं श्रीखंड काढलं आणि नवऱ्याकडे न बघता म्हणाली, "वरून तो वाडगा आणा, मी पण येते. दुसऱ्याचं भांडं रिकामं कसं परत द्यायचं?"