घाटातला ब्रेक

मुलगा राम ब्रेक न लागून ज्या उतारावर गाडीसकट दरीत गेला, तिथंच नव्या जीपचाही ब्रेक दगडासारखा घट्ट व्हायला लागला, तसे अर्जुनराव धास्तावून बंकट मिस्त्रीकडं आले. बंकटला दोष काही सापडेना. मग तो स्वतःच शेजारी बसून घाटात गेला. उतार लागताच अर्जुनरावांनी चावी फिरवून इंजिन बंद केलं.

"कावून बंद केलं, काका?"

"उतारावर कशाला डिझेल जाळायचं? पहिल्यापासनं असंच करतो."

"आताच्या गाड्यांत इंजिन बंद झालं की ब्रेकची ताकद जाती. दोन-तीनदा दाबला की पेडल घट्ट. चालू करून बघा."

चालू केलं. पेडल अलगद दबलं. अर्जुनरावांनी जीप कडेला घेतली आणि चावीकडं बघत राहिले.



"बंकट, रामला गाडी म्याच शिकवली रं."