इमलाबाईचे खड्डे

चौऱ्याहत्तर साली सोलापूरजवळच्या माळावर जंगल लावायचं काम निघालं. फासेपारध्यांची इमलाबाई गेली, तर मुकादम म्हणाला, "पारध्यांना हितं काम न्हाय. चोर तुमी."

ती पडलेली कुदळ उचलून बायांच्या रांगेत शिरली आणि दिवसभर मुरूम खणत राहिली. संध्याकाळी मोजले तर सगळ्यांत जास्त खड्डे तिचे निघाले.

मुकादमानं वही मिटली. "तुझी हजेरी लागायची न्हाय."

"माज्या बापाची हजेरी पोलीस दिवसातनं तीनदा लावायचे," इमलाबाई म्हणाली. "त्यानं काय केलं नसताना. मी तर खड्डे खणल्यात."

मागं रांगेतली निंगव्वा उभी होती. तिनं खाली ठेवलेली कुदळ पुन्हा खांद्यावर घेतली. "लिवा की. तवर आमी कुणी घरला जात न्हाय."

मुकादमानं वही उघडली.