कपाटातला व्हर्नियर

चाकणच्या कारखान्यात मुलाखती घेणाऱ्या ज्योतीरामांनी बारावी झालेल्या अबोलीपुढे व्हर्नियर ठेवला. "या पिनेची जाडी मोज बघू." मोजायचं सूत्र तिनं घडाघडा म्हटलं, पण हत्यार धरलं उलटं. "शाळेत कधी हातात घेतला नाहीस?" "एकच आहे, सर. मोडेल म्हणून कपाटात असतो." फुली मारायला उचललेलं पेन ज्योतीरामांनी खाली ठेवलं. "हा घरी ने. दिसेल ते मोज आणि सोमवारी ये." सोमवारी तिनं वही उघडली. आईची बांगडी, तांदळाचा दाणा, बाबांच्या चष्म्याची काच. प्रत्येक माप तीनतीनदा घेतलेलं. शेवटची ओळ होती, 'शाळेच्या कपाटाचं कुलूप.' ज्योतीरामांनी लगेच स्टोअरला फोन लावला, "जुने सगळे व्हर्नियर पुसून ठेव रे, शाळेत द्यायचेत." मग अबोलीला म्हणाले, "कामावर घेतलंय तुला. पहिलं काम हेच, तिथल्या पोरापोरींना व्हर्नियर धरायला शिकव."