परतीचं तेल

डिझेलचे पंप बंद झाल्यापासून जुन्या गाड्या घरच्या तळणीच्या तेलावर धावत. गाडी दारात आली की त्या घरी काय तळलं होतं, ते धुरावरूनच कळे.

रेवतीच्या लग्नाची बोलणी करायला सांगलीचे शाकाहारी भिडे मालवणला येणार, म्हणून तिच्या आईने, कुंदाताईंनी, घरातली मासळी शेजारी लपवली होती.

इंजिनाला नवं सिंथेटिक वंगण घातलेली, पाच लाख किलोमीटर पळालेली भिड्यांची जीप ऐटीत अंगणात शिरली. मागोमाग खमंग वास आला. तळलेले बोंबील!

भिडे ओशाळले. "शेजाऱ्यांचं तेल हो!"

"रोजच?" त्यांची बायको हसत उतरली.

कुंदाताई आनंदाने ओरडल्या, "रेवती, सुरमई परत आण गं! आणि तळून उरलेलं तेल फेकू नकोस, पाहुण्यांना परतीला लागेल."