भिंतीखालची जाळी

"आलं, वर आलं! श्वास घेतला त्यानं!" प्राणिसंग्रहालयात पाणघोडे सांभाळणारे केरबाकाका कठड्यावरून ओरडले. मादी हिरव्या पाण्यातच व्याली होती आणि पिल्लाला नाकानं वर ढकलत होती.

"काका, नर कुठाय? तो पिल्लं मारतो म्हणता ना?" मी विचारलं.

"पलीकडच्या हौदात. मध्ये भिंत हाय, पाण्याखाली लोखंडी जाळी हाय. डोकं नको खाऊस."

"जाळी तुम्ही सकाळी गाळ काढायला उचललीत. खाली कधी सोडलीत?"

काकांनी धावत जाऊन साखळी सोडली. गंजलेली जाळी खाली येईना. मीही तिला लोंबकळले, शिव्या घालत.

नर पलीकडच्या काठावर नव्हता. त्याचं गवत तसंच पडलं होतं.

आमच्या बाजूला, भिंतीलगत, मोठे बुडबुडे फुटले. मादीनं पिल्लू ढकलायचं थांबवलं आणि तिकडं तोंड वळवलं.