नऊशे माणसांचं गाव

दोह्याच्या इंडस्ट्रियल एरियातल्या कामगारांच्या खोल्या तपासायला फिनलंडहून आर्तो नावाचा तपासनीस येणार होता. साहेबांच्या हुकमावरून, गर्दी दिसू नये म्हणून, सुपरवायझर श्यामने एका खोलीतल्या चोवीसपैकी सोळा जणांना गाद्यांसकट कंपनीच्या बसमध्ये नेऊन बसवलं. बाहेर पंचेचाळीस डिग्री आणि बसचा एसी बंद. एका म्हाताऱ्या गवंड्याने "सर, कितनी देर?" विचारलं, तेव्हा श्यामला स्वतःचीच किळस आली.

आर्तो गप्पिष्ट निघाला. आपल्या गावाबद्दल भरभरून बोलत होता. "जमीन तुमच्या दोह्याच्या चौपट, त्यातली निम्मी तळ्यांखाली. माणसं जेमतेम नऊशे, सगळी फिनिश बोलणारी. शेजारी तीन किलोमीटरवर. थंडीत एखाद्याच्या धुराड्यातून धूर दिसला नाही, तर आम्ही धावत जातो. आमच्याकडे एकेक माणूस मोलाचा."

अशा माणसाशी खोटं बोलायला श्यामची जीभ रेटेना.

"इथे किती जण राहतात?" खोलीत शिरताच आर्तोने विचारलं.

"चोवीस," श्याम म्हणाला. "सोळा जण बाहेर बसमध्ये आहेत, सर. मीच बसवलेत."

नोकरी गेली तर गेली, पण सकाळपासून पहिल्यांदाच त्याला मोकळा श्वास घेता आला.

आर्तो खिडकीपाशी गेला. तिथे, कापलेल्या बाटलीत टूथब्रश दाटीवाटीने उभे होते. त्याने ते बोटाने एकेक करून मोजले. बरोब्बर चोवीस भरले. मग त्याने कॅमेरा काढला.


"हे ब्रश जरा उचल," तो म्हणाला, "फोटोत यायला नकोत."