रजयांच्या थप्पीतला आवाज

मायरमकानने फोन जेवणासाठी अंथरलेल्या दस्तरखानावर, जर्दाळूच्या ताटलीशेजारी ठेवला आणि बोट दाबलं. बेगायीमचा आवाज अंगणभर बोलू लागला.

खरी बेगायीम तेव्हा मायरमकानसाठी, आपल्या सासूसाठी, चहा ओतत होती. ती ओततच राहिली आणि वाटी काठोकाठ भरली. त्यांच्या गावात चहा अर्धी वाटीच देतात, संपला की पुन्हा ओततात. ज्याला आता उठा असं सुचवायचं असेल, त्यालाच भरलेली वाटी मिळते.

"निघू का मग मी? माझ्याच घरातून?" मायरमकानने विचारलं.

"अपा, चुकलं माझं," बेगायीम कशीबशी म्हणाली. चहाचं चुकलं की पॉडकास्टचं, हे तिचं तिलाही सांगता आलं नसतं.

गेली दोन वर्षं ती हा उद्योग चोरून करत होती. आतल्या खोलीत भिंतीला लागून आहेरातल्या रजयांची छतापर्यंत थप्पी होती. तिच्यात डोकं खुपसून बोललं की आवाज घुमत नाही आणि बाहेरही जात नाही. नमाज, नवरा, पाळी, पहिली रात्र, असं जे बायका एकमेकींशीसुद्धा कुजबुजत नाहीत, त्यावर ती बोलायची. धर्म कुठे संपतो आणि नुसती रीत कुठे सुरू होते, हे जाणत्यांना विचारायची. स्वतःचं नाव मात्र कधी सांगायची नाही. सासूला वाटे, पोरीला माहेरची आठवण येते, रजयांत तोंड लपवून रडते बिचारी. तसं शेजारणींना सांगूनही झालं होतं.

पण या खेपेच्या भागात बेगायीम स्वतःबद्दल बोलली होती. लग्नानंतरच्या पहाटे तिने पाहिलं तेव्हा चादर कोरी होती. तिचं आयुष्यात कुणाशी काही नव्हतं, तरी कोरी. काहींच्या शरीराचं तसंच असतं, हे पुढे डॉक्टरबाईंनी सांगितलं. चादर बघा असं कुराणात कुठेच लिहिलेलं नाही, हे एका विदुषीने सांगितलं. त्या पहाटे मात्र तिला सांगायला कुणीच नव्हतं. कोरी चादर निघालेल्या मुलीला उजाडायच्या आत माहेरी पोचवतात, एवढंच तिला ठाऊक होतं. मग तिला वडीलधाऱ्यांना वाकून नमस्कार करायला बाहेर नेलं. नवरा तालाय मागे खोलीतच राहिला होता. थोड्या वेळाने चादर बायकांसमोर उलगडली आणि सगळ्याजणी खूश झाल्या. चादरीवर डाग होता.

फोनमधला आवाज आता सांगत होता, 'माझ्या नवऱ्याने माझ्यासाठी बोट कापून घेतलं. आम्ही कधी याबद्दल बोललो नाही. पण मी ते विसरलेले नाही.'

विसरली नव्हती हे खरंच. मांस वाढताना सगळ्यात चांगला तुकडा तालायच्या ताटात पडायचा, आणि आपलं नशीब एवढं थोर कसं याचं कोडं त्याला आजवर सुटलेलं नव्हतं.

मायरमकानने आवाज तिथेच थांबवला. ती हजला जाऊन आलेली बाई. गावातल्या बायका तिच्यामागे नमाज पढत, तिचा शब्द खाली पडू देत नसत. ती म्हणाली असती, हिला माहेरी पाठवा, तर बेगायीमला आजही जावं लागलं असतं. आणि तिच्या दोन्ही मुली इथेच राहिल्या असत्या. बेगायीमच्या मनात दुसरं काहीच येत नव्हतं. फक्त मुली.

"हे खोटं आहे," सासू म्हणाली. "साऱ्या दुनियेला खोटं ऐकवलंस तू."

"देवाशपथ, अपा, माझं कुणाशी कधी..."

"ते कोण विचारतंय? मी तालायचं म्हणते. तालाय बोट कापून घेईल? अगं, त्याला सुई टोचायची म्हटलं तर अजून मला हात धरून बसावं लागतं. त्या सकाळी चादर काढायला खोलीत गेले, तर तुझा तो शूर नवरा तोंड उघडं टाकून घोरत होता."

बेगायीमने चहाची किटली खाली ठेवली.

मायरमकानने भरलेली वाटी उचलली आणि शांतपणे एक घोट घेतला. मग जरा खालच्या आवाजात तिने सांगितलं की तिच्या धाकट्या बहिणीला अशाच एका पहाटे माहेरी आणून सोडलं होतं. तीही निर्दोषच होती. आणि मग तिला कुणी हसताना पाहिलं नाही. बेगायीमच्या लग्नानंतरच्या सकाळी कोरी चादर हातात घेतली तेव्हा मायरमकानला बहीणच दिसली.

"तेव्हा पुन्हा त्या रजयांत शीर आणि दुरुस्त करून सांग," ती म्हणाली. "माझं नाव नको. नुसतं सासू म्हण. ऐकणाऱ्यांत सासवाही आहेत. त्यांना कळू दे, काय करता येतं."

इतकी वर्षं छातीवर ठेवलेलं ओझं कुणीतरी अलगद उचलून न्यावं तसं बेगायीमला झालं. ती रडू लागली आणि रडता रडता हसू लागली. मुली इथेच होत्या, तीही इथेच राहणार होती. तिने पुढे होऊन सासूचे दोन्ही हात हातात घेतले. एकेक बोट उलटंसुलटं करून पाहिलं. कुठेच खूण नव्हती.

"अपा, तुम्ही कुठलं बोट कापलंत?"

"मी कशाला कापू? अंगणात लग्नाच्या तीन मेंढ्या कापल्या होत्या," मायरमकान म्हणाली. "घरात रक्ताला काय तोटा होता?"